सिनेमा कसा काढला, त्याचा सिनेमा

ही गोष्ट माझ्यावर गुदरलेली आहे. कुणाच्या मावशीच्या नणंदेवर नाही.

ज्याला खोटी वाटेल त्याने इथेच थांबावं. मी कुणाला पाय धरून वाचायला बोलावलेलं नाही. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. सजवून सांगायला मला येत नाही, आणि सजवण्यासारखं यात काही नाही.

भुताच्या गोष्टी लोक रात्रीच्या सांगतात. अमावस्या, वडाचं झाड, रडणारं कुत्रं. माझ्या गोष्टीत त्यातलं काही नाही.

ही भर दुपारची गोष्ट आहे.

पंच्याहत्तर सालचा उन्हाळा. पलूसजवळचं आमचं गाव, आणि गावाबाहेर मळ्यातलं आमचं गुऱ्हाळघर. गुऱ्हाळ बंद होऊन महिने झाले होते. रस आटवायचं चुलवण थंडगार. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा सावलीला बसलेला. आणि आत आम्ही खिडक्यांना पोती ठोकून काळोख केला होता...

त्या काळोखात जे झालं, त्याची लाज मला अजून वाटते. भीती नंतर. आधी लाज.

माझे मालक आकाराम, मिलिटरीत होते. पासष्टच्या लढाईत गेले. तार आली, ट्रंक आली. ते आले नाहीत. जालिंदर, माझा एकुलता एक, तेव्हा कॉलेजात होता. उसाला पाणी मी पाजलं. भाऊकी बांध कोरायला आली तेव्हा विळा घेऊन बांधावर मी उभी राहिले. गाव मला तोंडावर बायडाक्का म्हणतं. माघारी काय म्हणतं ते मला ठाऊक आहे, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

पोराच्या डोक्यात सिनेमा शिरला. दुसऱ्यांची पोरं दारूला लागतात. मी म्हटलं, सिनेमा तर सिनेमा.

तो एवढ्यावर थांबला नाही.

"आय, परदेशात सिनेमा कसा काढला त्येचा बी सिनेमा काढत्यात. आपुन बी काढायचा."

"बरं झालं," मी म्हटलं. "एक पडला तर दुसरा हाय."

त्या दुसऱ्या सिनेमासाठी त्याने सांगलीचा धोंडिराम फोटोवाला आणला. लग्नाचे फोटो काढणारा माणूस, पोटाने सुटलेला, कमी बोलणारा. त्याच्याकडे एक छोटा कॅमेरा होता. घड्याळाला देतात तशी चावी द्यायची. चावी संपली की कॅमेरा बंद. आवाज त्यात येत नसे, नुसतं दिसायचं. आम्ही जेवत असू, भांडत असू, छत्र्या उघडत असू, धोंडिराम आपला कोपऱ्यात उभा राहून चावी देतोय.

शूटिंग होतं कोयनानगरच्या वरच्या अंगाला.

सदुसष्टच्या भूकंपात तिथली एक वस्ती उठली होती. माणसं खाली पत्र्याच्या घरांत राहायला गेली. वरची घरं तशीच तडकून उभी. त्यातलं एक जालिंदरला आवडलं. भिंतींना ही एवढी भेग, पण चौकट आणि उंबरा शाबूत. घर कुणाचं, कुणी विचारलं नाही. मोकळं घर दिसलं की सिनेमावाल्यांना ते आपल्या बापाचं वाटतं.

सिनेमात आईचं काम करायला कोल्हापूरहून लीलाबाई आली होती. जुनी, कामात मुरलेली बाई. त्या दिवशीचा प्रसंग असा, की आई घरातून बाहेर येते. दारातच तिला नवरा गेल्याची बातमी कळते. मग बायका तिला उंबऱ्यावर बसवतात, कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात.

लीलाबाईने उंबरा बघितला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"मी न्हाई करनार हितं."

"आवं लीलाबाई," जालिंदर म्हणाला, "कोल्हापुरात तुमी ह्येच काम करता की."

"करते. पर तितलं घर पुठ्ठ्याचं असतंय. उंबरा सुताराचा. शॉट झाला रं झाला की एक सवाष्ण कुकू घिऊन हुबीच असती. ती लावती, मगच मी उठते. ही आमच्यातली रीत हाय. हितं उंबरा खरा हाय, जालिंदर. ह्या घरात आदी कोन हुतं, ठावं हाय का तुमास्नी?"

कुणाला ठाऊक नव्हतं.

"मग मला पाटनच्या यष्टीत बसवा," ती म्हणाली. आणि खरंच गेली.

सगळी माणसं रिकामी बसली. जालिंदरने डोकं धरलं. मी तिथे स्वयंपाकाला होते, दहा-पंधरा जणांच्या भाकरी माझ्यावर. मी पिठाचे हात पुसत आले.

"मी करते."

"आय, तू?"

"मग? त्या लीलाबाईला कुकू हाय, म्हनून भ्या वाटतंय. माजं काय जायाचं ऱ्हायलंय?"

सगळ्यांना पटलं. कॅमेरावाल्याला पटलं, जालिंदरला पटलं, मला तर आधीच पटलेलं. विधवा बाईचं कुंकू पुसायला कसली आली आहे भीती?

एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही.

पुसायचं, तर आधी लावावं लागतं.

मेकपवाला धुळा याने मला हिरव्या बांगड्या भरल्या. पाटणच्या बाजारातून आणलेला काचेचा चुडा, दोन्ही हात भरून. मग त्याने कपाळावर कुंकू लावलं, रुपयाएवढं. आणि आरसा माझ्या हातात दिला.

मी बघितलं...

जरा जास्तच बघितलं. एवढंच सांगते.

जालिंदर ओरडला, "आय, आत जा! मग उंबरा वलांडून बाहेर ये!"

म्हणून मी आत गेले. कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा, आणि उजवा पाय पुढे टाकून मी एका परक्या घराचा उंबरा ओलांडला. नवी नवरी ओलांडते तसा. कॅमेऱ्यामागे सगळे पुरुष. कुणाला काय कळणार? आणि मला कळायला हवं होतं, तर मी आरशातून अजून बाहेर आले नव्हते.

सहा-सात पावसाळे त्या घरात कुणी राहिलं नव्हतं. आत ओल असायला हवी होती. वटवाघळांचा वास असायला हवा होता.

तसं काही नव्हतं.

वास आला तो... नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा.

मी म्हटलं, वरून पाऊस आत येत असेल, माती भिजली असेल. डोक्याला काहीतरी सांगावं लागतं.

तो प्रसंग काही केल्या नीट होईना. एकदा मोठा कॅमेरा अडकला. एकदा ढग आला. एकदा बांगड्या दगडाने ठेचल्या तरी फुटेनात, आणि रडायला बसलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. प्रत्येक वेळी धुळा नवीन बांगड्या भरायचा, नवीन कुंकू लावायचा, मी आत जायची, बाहेर यायची, आणि बायका पुसायच्या. दिवसभर हेच. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा जालिंदर म्हणाला, झालं.

सिनेमा लागला. त्याचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी बघितला त्यांना आठवतं. ज्यांनी नाही बघितला ते सुटले.

आमच्या भागात तो तंबूत लागला. सगळी भाऊकी आली. मालकांचा चुलतभाऊ भाऊसो आणि त्याची बायको सुलाबाई अगदी पुढे, गादी टाकून. बोलणाऱ्याचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता. नायक घोड्यावर डाव्या बाजूने चढला आणि उजव्या बाजूला पडला. लोक दमाने घेत होते. आपल्या गावचा पोरगा, म्हणून.

मग माझा प्रसंग आला.

बायकांनी कुंकू पुसलं. कपाळ कोरं. मी हंबरडा फोडला. पुढच्याच क्षणाला माझं तोंड जवळून दाखवलं...

कपाळावर कुंकू. रुपयाएवढं.

परत पुसलं. परत जवळून दाखवलं. परत कुंकू.

तंबूत आधी कुणीतरी शिट्टी मारली. मग एक जण ओरडला, "आक्का, नीट पुसा की!"

दुसरा म्हणाला, "लय चिवट कुकू हाय गड्या!"

आणि मग भाऊसो, माझा दीर, उभा राहून ओरडला, "आरं, आकाराम परत आला!"

सगळा तंबू हसला. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर हसले, आणि मी तिथे बसले होते.

पण माझं सोडा. जालिंदरचं काय झालं ते ऐका.

सिनेमा आठवडाभरात उतरला. त्याचं नाव पडलं कुंकूवाला. एसटीत बसला तर मागून कुणीतरी म्हणायचं, "सरका, कुंकूवाले आले." त्याची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. ज्याला पुसलेलं आणि न पुसलेलं कळत नाही, त्याला पोरगी काय द्यायची, असं म्हणाले ते लोक. तो घराबाहेर पडेना. जेवायचा नाही. सबंध दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा.

"तुकडं उलटंसुलटं जोडलं आसतील," मी म्हटलं. "त्या मुंबईच्या जोडनाऱ्याची चूक."

"त्यो म्हनतोय, तुमी दिलं तसंच जोडलं." भिंतीकडे बघतच तो बोलला. "आय, मी सोता डोळं लावून बघत हुतो. पुसल्यावर धुळानं परत लावलंच न्हाई, नव्या शॉटपातुर. मग त्ये कुटनं आलं?"

मला वाटलं, पोरगं आपली चूक झाकतंय. 

आणि मग त्या उन्हाळ्यात धोंडिराम फोटोवाला सांगलीहून आला. प्रोजेक्टरची पेटी घेऊन. मोठा सिनेमा पडल्यावर त्याचा छोटा सिनेमा कुणी विचारला नव्हता. त्यानेच आपणहून रीळ धुवून घेतली होती.

आल्या आल्या जालिंदरला म्हणाला, "तुजी चूक न्हाई रं. ये, बघ."

माझ्याकडे मात्र त्याने बघितलं नाही.

गुऱ्हाळघरात पोती ठोकली. भिंतीवर माझंच एक पांढरं लुगडं ताणून बांधलं. आम्ही तिघं. दार लावलं. मशीन घरघरायला लागली.

लुगड्यावर शूटिंगची माणसं दिसायला लागली. आवाज नाही. धुळा विडी ओढतोय. मी भाकरी थापतेय. लीलाबाई कप खाली ठेवतेय. मग मी, आरसा घेऊन...

त्या आरशात मी किती वेळ बघत होते, ते धोंडिरामने सगळं घेतलं होतं. मान इकडे. मान तिकडे. माझ्या पोराच्या शेजारी बसून मी ते बघितलं. माझे कान तापले.

मग उंबरा आला.

बायकांनी कुंकू पुसलं. बांगड्या फुटल्या. जालिंदरने हात वर केला, शॉट संपला. माणसं उठून मोठ्या कॅमेऱ्याकडे गेली. बायका पाणी प्यायला गेल्या. उंबऱ्यावर मी एकटी. कपाळ कोरं. आसपास कुणीही नाही.

धोंडिराम काळोखातून म्हणाला, "आता बघा."

लुगड्यावरची मी हळूच मागे वळून बघू लागली. घराच्या आत. काळोखात.

आणि तोंड वर केलं... हनुवटी वर, डोळे मिटलेले. कुणी कपाळाला कुंकू लावत असताना बाई करते, तसं.

तोंड परत इकडे वळलं.

कपाळावर कुंकू होतं.

जालिंदरने श्वास घेतला तो मला ऐकू आला. पण अजून संपलं नव्हतं. लुगड्यावरची मी लाजली. होय, लाजली. पदर ओढून घेतला, मान खाली घातली, हसली. मग त्या रिकाम्या दाराकडे बघत काहीतरी बोलली.

आवाज नव्हता. पण ओठ माझे होते. मला वाचता आले.

आवं... कुनी बघंल.

चावी संपली. लुगडं पांढरं झालं.

मग दुसरा तुकडा. परत पुसलं. परत सगळे लांब. परत मी मागे वळले. परत कुंकू. या वेळी मी वळले ती अगदी लगबगीने. वाट बघत असल्यासारखी.

धोंडिरामने मशीन बंद केली.  

"आय," जालिंदर म्हणाला. माझ्याकडे न बघता. "कुनाशी बोलत हुतीस तू?"

"मला काय आठवत न्हाई," मी म्हटलं.

"कोन हुतं आत?"

"आठवत न्हाई म्हटलं नव्हं का!"

तो उठला. म्हणाला, "धोंडिराम, ही रीळ जाळून टाकू."

"आरं पर हिच्यात तू सुटतुयास," धोंडिराम म्हणाला. "कुकू आपसूक आलं, तुजी चूक न्हाई, ह्ये हिच्यात उघड दिसतंय."

"आन् माज्या आयचं काय दिसतंय, त्ये?"

आता माझी गंमत बघा. मी आयुष्यभर कुणाला मान वाकवली नव्हती. त्या लुगड्यावर माझी मान वाकलेली होती, एका रिकाम्या दारापुढे. ते गावाने बघावं, याहून मेलेलं बरं. पण मला हे पण दिसत होतं, की माझी लाज राखायला माझं पोरगं जन्मभर कुंकूवाला व्हायला तयार झालंय.

"जाळायची न्हाई," मी म्हटलं. "दावायची. साऱ्यास्नी."

"आय, लोक काय म्हनतील तुला?"

"आन् आत्ता तुला काय म्हनत्यात? मला म्हनू देत. मी पिकलं पान हाय. तुजं अजून लगीन व्हायाचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिथेच बोलावलं सगळ्यांना. मी स्वतः दारोदार जाऊन सांगितलं. "तंबूत हसला न्हवं? आता या, खरं काय झालं त्ये बघायला या." भाऊसो आला, सुलाबाई आली. सोयरीक मोडलेल्या घरचा म्हातारा आला. गुऱ्हाळघर भरलं.

मी सगळ्यांच्या पुढे घोंगड्यावर बसले. सुलाबाई माझ्या शेजारी. जालिंदर मागे, मशीनजवळ. मनाशी म्हटलं, बायडे, ताठ बस. हसायचं तेवढं हसू दे.

दार लावलं. काळोख झाला. मशीन घरघरली.

भाकरी, विडी, लीलाबाई, आरसा. आरशाला बायका हसल्या. मी ताठ.

मग उंबरा. कुंकू पुसलं. माणसं लांब गेली. मी एकटी.

"आता बघा," धोंडिराम म्हणाला.

लुगड्यावरची मी बसली होती... बसलीच होती. मागे वळली नाही. तोंड वर केलं नाही. कोऱ्या कपाळाने समोर बघत होती.

चावी संपेपर्यंत.

दुसरा तुकडा. तेच. कोरं कपाळ, रिकामं दार, कंटाळलेली एक म्हातारी बाई.

"धोंडिराम, ही रीळ ती न्हाई!" जालिंदर ओरडला.

"तीच हाय रं! एकच हाय माज्याकडं!"  त्याने परत लावली. परत तेच.

आधी कुजबुज झाली. मग भाऊसो हसला.

"वैनी, पोराची चूक झाकायला भुताचं सोंग काढलं व्हय? निदान भूत तरी बरं आनायचं!"

हसण्याचा असा लोंढा आला की पत्रा वाजला. सोयऱ्यांकडचा म्हातारा पण हसत होता. जालिंदर काय करत होता, मला दिसलं नाही. मी मागे बघितलं नाही. मी हललेसुद्धा नाही.

कुणीतरी खिडकीवरचं पोतं ओढलं. दुपारचं ऊन आत घुसलं, नेमकं माझ्या तोंडावर.

पहिली सुलाबाई गप्प झाली.

मग तिच्या मागच्या बायका. मग त्यांच्या मागचे पुरुष. हसणं मागे मागे सरकत विझत गेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. तोंडाकडे नाही... जरा वर.

सुलाबाई मागे सरकली. "आक्का... तुमच्या कपाळाला..."

मी बोट लावलं. ओलं होतं. बोट लाल.

 बाहेर कावळा ओरडला तो ऐकू आला.

मग कुणीतरी बाई म्हणाली, "आंधारात लावलं जनू."

आणि सुटलं सगळं. "ह्या वयात!" "आकाराम जाऊन किती वरसं झाली!" "आरशात कशी बघत हुती, बघितलं न्हाईस व्हय?" "मनात हुतंच मग तिच्या." भाऊसो खाली बघत राहिला. हसायला लागतं ते तोंड त्याच्याकडे राहिलं नव्हतं. माणसं उठली, माझ्या अंगाला अंग लागणार नाही अशी बाजूने निघून गेली.

मी म्हणू शकले असते, मी नाही लावलं.

मग त्यांनी विचारलं असतं, कुणी लावलं?

म्हणून मी गप्प राहिले. बायडाक्का, जिच्या तोंडाला गाव भीत होतं, ती गप्प. लोकांनी माझं गप्प राहणं कबुली धरली. धरू दे म्हटलं.

जालिंदरने आपला टॉवेल पाण्यात भिजवून माझ्या हातात दिला. स्वतः पुसलं नाही. मी पुसलं. या वेळी नीट गेलं.

त्या दिवसापासून त्याला कुंकूवाला म्हणणं बंद झालं. सिनेमातली चूक लोक विसरले. आई कपाळाला कुंकू लावून अंधारात बसते, असल्या घरच्या पोराची त्यांना कीव यायला लागली, आणि कीव आली की हसता येत नाही. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं. चांगलं घर मिळालं. लग्नात मी मागच्या खोलीत बसले. कुणी बस म्हटलं नव्हतं, मीच बसले. आत आले ते लोक बोलताना माझ्या कपाळाकडे बघायचे. अजून बघतात.

धोंडिरामने रीळ परत नेली. त्या डब्याचं पुढे काय केलं, मी विचारलं नाही. कोयनेच्या बाजूला मी परत कधी गेले नाही. त्या घरात कोण होतं, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. कुणी सांगेल, याचीच भीती वाटते.

पोराचं भलं झालं. तिथे गोष्ट संपवता आली असती.

पण मी खरी गोष्ट सांगायला बसले आहे.

जालिंदरला मी म्हटलं होतं, आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. वस्तीवरच्या उंबऱ्यावरचं पण, आणि गुऱ्हाळघरातलं पण. काळोखात मशीन घरघरत होती, सगळी भाऊकी मागे बसली होती, आणि मला तो वास आला... नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा. मग मागून एक हात माझ्या खांद्यावरून पुढे आला.

लोकांना वाटतं, मला नवऱ्याची आठवण आली. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं.

माझ्या मालकांचा हात मला पाठ आहे. बंदूक धरलेला, नांगर धरलेला, दगडासारखे घट्टे पडलेला.

तो हात मऊ होता. थंड, आणि ओल्या मातीसारखा मऊ.

तो हात त्यांचा नव्हता. हे मला त्या उंबऱ्यावर, पहिल्याच वेळेला कळलं होतं.

तरीही दर वेळेला... मी कपाळ पुढे केलं.